दुरुस्त करून विकलेल्या चेनसॉ : आत काय बसवले ते पावतीवर यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बहुतेक बाजारगावांत जुन्या चेनसॉंची, म्हणजे आमच्याकडे सर्रास ज्याला ‘कटर’ म्हणतात त्या यंत्रांची, खरेदी-विक्री जोरात चालते. पावसाआधी घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, वर्षभराचे जळाऊ लाकूड भरायचे असते, वाळलेली कलमे आणि मोडकळीला आलेले माड बाजूला करायचे असतात. नवे यंत्र घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि वर्षातून आठ-दहा दिवसांच्या कामासाठी त्याची गरजही नसते, त्यामुळे दुरुस्त करून विकलेल्या यंत्राकडे लोकांचा ओढा असतो. अशा यंत्रात मूळ कंपनीचे नसलेले, बाहेरचे सुटे भाग बसवावेत की नाही, याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. अधिकृत विक्रेते सांगतात की बाहेरचा भाग बसला की यंत्र बाद झाले. आमच्या व्यवसायातले बरेच जण सांगतात की गिऱ्हाइकाला यंत्र चालू मिळाल्याशी मतलब, आत काय आहे याची उठाठेव त्याने कशाला करायची. शेतीची छोटी इंजिने दुरुस्त करण्याचे काम मी कुडाळ तालुक्यात बरीच वर्षे करतो आणि दुरुस्त केलेली यंत्रे विकतोही. त्या अनुभवावरून मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. बाहेरचा भाग पारखून बसवता येतो, मात्र तो कोणता आणि कोठे बसवला हे विक्रीच्या पावतीवर लेखी आले पाहिजे आणि चालवणाऱ्याच्या जिवाशी संबंधित असलेल्या मोजक्या भागांत तडजोड अजिबात होता कामा नये, एवढे म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही यंत्रे आमच्या भागात एवढ्या संख्येने आली त्यामागे वादळे आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड, श्रीवर्धनपासून मंडणगड, दापोलीपर्यंतच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आणि आंब्या-काजूच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला झोडपत गुजरातकडे गेले. दोन्ही वेळी रस्ते मोकळे करणाऱ्या पथकांच्या हाती चेनसॉ होत्या आणि ज्या खोडावर कुऱ्हाड घेऊन दोन माणसांनी दिवसभर राबायचे, ते खोड काही मिनिटांत तुकडे होऊन बाजूला पडताना गावोगावच्या लोकांनी पाहिले. त्यानंतर बागायतदारांनी, ग्रामपंचायतींनी आणि रोजंदारीवर लाकूड तोडणाऱ्यांनीही यंत्रे घेतली. थोड्यांनी जर्मनीची श्टील किंवा स्वीडनची हुस्क्वार्ना घेतली. बहुतेकांनी ५२ किंवा ५८ सीसीची चिनी घडणीची यंत्रे घेतली, ज्यांच्यावर दुकानागणिक वेगळे नाव छापलेले असते आणि आतला सांगाडा मात्र एकच असतो. ती सगळी यंत्रे आता मोठ्या दुरुस्तीच्या वयाला आली आहेत. त्यांतली बरीच झिजून बिघडलेली नाहीत. पेट्रोलमध्ये ऑइल न घालता चालवल्यामुळे किंवा टाकीत पेट्रोल ठेवून चार महिने पडवीत टांगून ठेवल्यामुळे ती बंद पडलेली आहेत आणि म्हणूनच दुरुस्त करण्याच्या लायकीची आहेत.

मूळ कंपनीचाच भाग वापरावा हा सल्ला ऐकायला चांगला असला तरी हिशेबाच्या वहीत तो बसत नाही. नवा सिलिंडर आणि पिस्टन मूळ कंपनीकडून मागवला, तर अनेक लहान यंत्रांच्या बाबतीत त्याची किंमत दुरुस्तीनंतर त्या यंत्राला मिळणाऱ्या किमतीच्या आसपास जाते. त्यावर सील, गॅस्केट, बार (म्हणजे ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते ती), चेन आणि मजुरी धरली तर यंत्र भंगारात घालणेच परवडते. किमतीहून मोठी अडचण माल मिळण्याची आहे. एका अधिकृत विक्रेत्याने मला क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवती गळती रोखणारी रबरी कडी, सुटे देता येणार नाही, पूर्ण जोडणीच घ्यावी लागेल असे सांगितले होते. दुसऱ्या एका ठिकाणी स्टार्टरची साधी स्प्रिंग मार्चमध्ये नोंदवली ती पाऊस लागल्यावर आली, आणि तोवर गिऱ्हाइकाचे हंगामाचे काम संपले होते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. समितीने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या बरोबरीने शेती अवजारांचा समावेश होता, ही आमच्यासारख्यांना आनंदाची बातमी होती. मोबाइलच्या दुरुस्तीची चर्चा पुढे बरीच झाली. तालुक्याच्या ठिकाणी चेनसॉचे ऑइल सील सुटे मिळण्याची परिस्थिती मात्र होती तशीच आहे. अशा वेळी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून किंवा कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून बाहेरचा माल मागवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

बाहेरचा माल म्हटला की लोक सगळाच ‘डुप्लिकेट’ समजतात, हेही बरोबर नाही. चेनसॉ बनवणारी कंपनी यंत्रातला प्रत्येक भाग स्वतःच्या कारखान्यात घडवत नाही. वाल्ब्रो कंपनीचे कार्ब्युरेटर वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर कारखान्यातूनच बसून येतात. झामा ही कार्ब्युरेटर बनवणारी कंपनी २००८ पासून श्टीलच्या मालकीची असली तरी तिचे कार्ब्युरेटर इतरांच्याही यंत्रांवर असतात. एनजीकेचा प्लग किंवा ओरेगॉनची चेन यांना कोणी हलका माल म्हणणार नाही. इटलीत तयार होणारे मीटिऑरचे पिस्टन आणि केबरच्या रिंगा जगभरचे दुरुस्तीवाले विश्वासाने वापरतात. हा सगळा माल यंत्राच्या कंपनीच्या डब्यात न येता स्वतःच्या नावाने बाजारात येतो, एवढ्याच अर्थाने तो बाहेरचा. त्याखालोखाल अनेक छोट्या कारखान्यांचा माल येतो, ज्यात बरे आणि वाईट दोन्ही असते आणि जो हातात घेऊन पारखावा लागतो. या दोहोंपासून अगदी वेगळा असा तिसरा माल म्हणजे नामांकित कंपनीचे नाव आणि चिन्ह चोरून छापलेला. पहिले दोन प्रकार विकण्यात बेकायदा काही नाही. अमुक यंत्राला चालणारा भाग हे सांगण्यापुरता त्या यंत्राच्या नावाचा उल्लेख करायला १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ३० मध्ये मुभा आहे, मात्र त्यामुळे तो भाग त्या कंपनीनेच बनवल्याचा समज होता कामा नये. खोटे चिन्ह लावण्यासाठी आणि असा माल विकण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम १०३ व १०४ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आमच्यातले काही दुकानदार ‘आम्ही थोडेच छापले, आम्ही फक्त विकले’ असे म्हणतात, त्यांनी कलम १०४ वाचून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण बाहेरचा भाग चांगला की वाईट हा वाद टेबलावरच सुटतो. बंद पडलेले यंत्र आले की आधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन पाहावा. पिस्टनच्या त्या बाजूला उभे ओरखडे दिसले आणि रिंग दाबली तरी हलत नसेल, तर इंजिन एकतर ऑइलशिवाय चालले आहे किंवा त्याला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. सिलिंडर उतरवला की आतल्या भिंतीवर राखाडी पट्टे दिसतात, आणि पुष्कळ दुरुस्तीवाले ते पाहून सिलिंडर फेकून देतात. वास्तविक चांगल्या यंत्राचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असला तरी त्याच्या आतल्या पृष्ठभागावर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा अतिशय कठीण मुलामा असतो, आणि ते राखाडी पट्टे म्हणजे बहुतेक वेळा वितळून भिंतीला चिकटलेले पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. फरशी धुण्यासाठी दुकानात मिळणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या पट्ट्यावर लावले की बुडबुडे येऊन ॲल्युमिनियम विरघळते आणि खालचा मुलामा तसाच राहतो. बुडबुडे थांबले की ताबडतोब सोड्याच्या पाण्याने आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुऊन, कोरडे करून ऑइल लावावे. मुलामा जेथे निघालेला असेल तेथे हेच ॲसिड खालचा धातू खाऊ लागते आणि बुडबुडे थांबत नाहीत. म्हणजे सिलिंडर खरोखरच गेला की नाही याची परीक्षाही त्यातच होऊन जाते. हे काम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. धुतल्यावर नख आडवे फिरवून पाहावे. ते कोठे अडकले नाही, तर तो मूळ सिलिंडर ठेवून त्यात चांगल्या नावाचा बाहेरचा पिस्टन आणि रिंगा बसवाव्यात. माझ्या मते नवा सिलिंडर आणि पिस्टन एकत्र येणाऱ्या स्वस्तातल्या संपूर्ण किटपेक्षा ही जोडी कितीतरी जास्त टिकते, आणि खर्चातही फार फरक पडत नाही.

संपूर्ण किट बसवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते डब्यातून काढून थेट यंत्रावर चढवू नये. स्वस्त सिलिंडरमध्ये हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्यांच्या कडा करवतीच्या पात्यासारख्या धारदार राहिलेल्या असतात. मूळ सिलिंडरमध्ये त्या कडांना हलका उतार दिलेला असतो, जेणेकरून मिनिटाला बारा-तेरा हजार वेळा वर-खाली जाणारी रिंग तिथे अडकू नये. बोट आत घालून कड चाचपली की फरक लगेच कळतो, आणि बारीक कानसपट्टीने किंवा पाण्याच्या पेपरने ती कड मोडणे हे थोड्या वेळाचे काम असते. ते केले नाही तर रिंग मोडून तिचा तुकडा सिलिंडरभर फिरतो. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना ते पाहावे. सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या दोन टोकांना बसणाऱ्या तारेच्या बारीक क्लिप. किटमध्ये येणाऱ्या क्लिप पुष्कळदा मऊ असतात आणि त्यांतली एक जरी सुटली तरी नवे इंजिन त्याच दिवशी भंगार होते. त्या तेवढ्या मूळ कंपनीच्या घेतल्या तर खर्च नगण्य असतो.

बाहेरच्या पिस्टनला बट्टा लागतो तो मात्र बहुतेक वेळा भलत्याच कारणाने. पहिला पिस्टन का जळला याचा शोध न घेता दुसरा बसवला, की तोही चार-दोन टाक्यांत जळतो आणि ‘लोकल माल, टिकत नाही’ असा निकाल दिला जातो. दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँककेस हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक होऊन तडकले, कार्ब्युरेटरमागचा रबरी बूट चिरला किंवा सिलिंडरखालचे गॅस्केट नीट बसले नाही, तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही कमी पडते आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने भाजून निघतो. हे तपासण्याची रीत साधी आहे. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडे रबराने बंद करून हातपंपाने अर्धा बार दाब द्यायचा आणि काटा स्थिर राहतो का ते पाहायचे; मग तेवढाच उलटा, म्हणजे निर्वाताचा ताण देऊन पुन्हा पाहायचे, कारण काही सील आतून दाब दिल्यावर टिकतात आणि बाहेरून ओढ लागली की गळतात. ज्या पंपाने हे करायचे तो फार महाग नाही, तरी आमच्या भागातल्या फारच थोड्या दुकानांत तो दिसतो. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा ठरवला, तर ‘सिलिंडर बदलल्यावर लीक टेस्ट केली होती का’ हा विचारावा. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही बरेच कळते.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत माझा अनुभव असा की मूळ कार्ब्युरेटर शक्यतो फेकू नये. आतला पडदा, सुई आणि जाळी यांचा वाल्ब्रो किंवा झामाचा खरा किट मिळाला तर जुन्या कार्ब्युरेटरचे काम नव्याइतके चांगले होते. उलट स्वस्तातला पूर्ण नवा कार्ब्युरेटर कधी मंद गतीला स्थिर राहत नाही, तर कधी गरम झाल्यावर मिश्रण बदलतो. सध्या यात आणखी एक भर पडली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि अशा यंत्रांच्या बहुतेक माहितीपुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच शिफारस असते. इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या पेट्रोलचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. हलक्या रबराच्या नळ्या आणि पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून नळी बाहेरची घातली तरी ती चांगल्या जातीची असावी, आणि टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवावे, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला तोंडी सांगण्याऐवजी लिहून द्यावे.

आतापर्यंत सांगितलेल्या भागांत चूक झाली तर यंत्र बंद पडते आणि पैसे जातात. काही भागांत चूक झाली तर माणूस जातो. चेन पूर्ण वेगात सेकंदाला वीसएक मीटर धावत असते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडा-मानेकडे येते, आणि त्या क्षणी हँडलपुढची ढाल हाताच्या धक्क्याने किंवा उसळीच्या झटक्यानेच पुढे पडून चेन थांबली पाहिजे. हे काम क्लचच्या डब्याभोवतीचा एक पातळ पोलादी पट्टा आणि त्याची स्प्रिंग करते. हा पट्टा, स्प्रिंग आणि ढालीची यंत्रणा मी बाहेरची बसवत नाही आणि कोणी बसवू नये. स्वस्त पट्ट्याचे पोलाद आणि त्याला दिलेले पाणी कसे आहे हे पाहून कळत नाही. तो तुटतो तेव्हाच कळते. विकायच्या आधी दोन चाचण्या गिऱ्हाइकासमोर कराव्यात. यंत्र भरधाव असताना ढाल पुढे ढकलल्यावर चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. आणि इंजिन बंद करून, मागचे हँडल धरून बारचे टोक हातभर उंचीवरून ओंडक्यावर पडू दिले तर ब्रेक आपोआप लागला पाहिजे. चेन तुटली तर ती उलटून हातावर येऊ नये म्हणून बारच्या बुडाशी जो छोटा ‘चेन कॅचर’ असतो, तो जुन्या यंत्रांवर फार वेळा नसतोच, कारण तो मोडला तरी यंत्र चालत राहते. मागच्या हँडलवरची, दाबल्याशिवाय रेस न देणारी पट्टीही अशीच तारेने बांधून टाकलेली आढळते. असे यंत्र कितीही गोड आवाजात चालले तरी विकण्याजोगे नाही.

क्लचच्या स्प्रिंगांचीही गोष्ट याच प्रकारची आहे. बाहेरच्या हलक्या स्प्रिंगा लवकर ताणल्या जातात आणि यंत्र मंद गतीवर असतानाही चेन सरकत राहते. चांगल्या यंत्राची चेन मंद गतीला पूर्ण स्थिर असते. ती सरकत असेल तर आधी गतीचा स्क्रू पाहावा, आणि त्याने भागले नाही तर क्लच उघडावा. हँडल आणि इंजिन यांच्यामधले रबर फाटले असेल तर कंप थेट हातात जातो. दिवसभर लाकूड तोडणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होण्याचा विकार अशाच कंपामुळे होतो. ही रबरे बाहेरची चालतात, पण दोन्ही-तिन्ही एकाच वेळी आणि एकाच जातीची बदलावीत.

चेन आणि बार यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे चांगला बाहेरचा माल सहज मिळतो. मात्र ०.३२५ इंचाची आणि ३/८ इंच लो प्रोफाइलची चेन डोळ्यांना सारखीच दिसते. चेनचे माप, बारच्या खाचेची रुंदी आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) हे तिन्ही जुळले नाहीत तर चेन उतरते. कोणत्या चेनला कोणती कानस हेही विकताना सांगावे : ०.३२५ला सहसा ४.८ मिलिमीटरची आणि ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची.

आता विक्रीविषयी. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वापरलेली, पुनर्बांधणी किंवा रिकंडिशन केलेली जुनी वस्तू नवी म्हणून दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि विकलेल्या वस्तूचे बिल न देणे हीदेखील त्याच व्याख्येत येते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला त्या कायद्याने ग्राहक मानले आहे, त्यामुळे रोजंदारीवर लाकूड तोडण्यासाठी जुने यंत्र घेणारा माणूसही तक्रार करू शकतो. प्रत्यक्षात आमच्याकडे काय होते? यंत्राची टाकी-आवरणे बदलून, नवे स्टिकर चिकटवून, ‘एकदम कंपनी कंडिशन’ असे सांगून यंत्र विकले जाते आणि हातात फार तर दुकानाच्या नावाची एक चिठ्ठी मिळते. जीएसटीचे कारण पुढे करून पावती टाळणारेही आहेत. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदारालाही साधी पावती देता येते, त्यासाठी नोंदणीची वाट पाहावी लागत नाही.

मी गिऱ्हाइकाला जी पावती देतो तिच्यावर किमतीखाली साधारण असा मजकूर असतो : ‘वापरलेले यंत्र, दुरुस्त करून विकले. सिलिंडर मूळ, साफ केलेला. पिस्टन आणि रिंगा बाहेरच्या, नव्या, मीटिऑर. ऑइल सील बाहेरचे, नवे. कार्ब्युरेटर मूळ, किट बदललेला. कॉईल मूळ, जुनी. ब्रेक आणि क्लच मूळ, जुने, तपासलेले. बार आणि चेन नवी. दाबाची आणि निर्वाताची चाचणी केली. पेट्रोल-ऑइल मिश्रण अमुक प्रमाणात.’ मिश्रणाचे प्रमाण लिहिणे मी मुद्दाम कधी सोडत नाही, कारण चांगल्या प्रतीचे दोन स्ट्रोकचे ऑइल वापरून ५०:१ ने चालणारी यंत्रे आहेत आणि २५:१ मागणारीही आहेत. बाटलीवर ‘टू-स्ट्रोक’ लिहिलेले कोणतेही ऑइल अंदाजाने ओतणाऱ्या गिऱ्हाइकाचे यंत्र परत माझ्याच टेबलावर येते.

यावर माझ्याच व्यवसायातले मित्र म्हणतात की असे लिहून दिले तर गिऱ्हाईक घासाघीस करील आणि शेजारच्या दुकानात जाईल. घासाघीस होते, हे खरे आहे. ‘पिस्टन बाहेरचा आहे ना, मग कमी करा’ असे म्हणणारे भेटतात. पण तेच गिऱ्हाईक पुढच्या हंगामात रिंगा बदलायला आले की कोणत्या मापाच्या, कोणत्या नावाच्या रिंगा घालायच्या हे पावतीवरूनच कळते, आणि दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेले तरी त्यालाही ते कळते. यंत्र पुन्हा विकले जाते तेव्हा तिसऱ्या मालकालाही ती पावती उपयोगी पडते. चांगल्या जपलेल्या चेनसॉचे असे दोन-तीन मालक सहज होतात. आणि विक्रेत्याच्या बाजूनेही पाहिले, तर बार कोठल्या जातीचा होता किंवा ब्रेक तपासला होता की नाही असा वाद उद्या ग्राहक आयोगापुढे गेलाच, तर तोंडी सांगितलेल्या शब्दाला तेथे कोण विचारणार? अधिकृत विक्रेत्यांचा ‘बाहेरचा भाग म्हणजे बाद यंत्र’ हा आग्रह मात्र मला हमीच्या मुदतीपुरताच मान्य आहे. पाच-सहा वर्षांच्या, हमी कधीच संपलेल्या यंत्राच्या बाबतीत त्याचा उपयोग फक्त नवे यंत्र खपवण्यासाठी होतो.

कंपन्यांकडे मागणे मोठे नाही. ब्रेकचा पट्टा, त्याची स्प्रिंग, चेन कॅचर, क्लचच्या स्प्रिंगा, गजन पिनच्या क्लिप आणि क्रँकचे सील एवढे भाग त्यांनी पूर्ण जोडणीची अट न घालता सुटे विकावेत आणि निदान जिल्ह्याच्या ठिकाणी मार्चपासून जूनपर्यंत ते शिल्लक राहतील याची व्यवस्था करावी. या भागांत मूळ माल हाताशी असेल तर हलका माल बसवण्याची पाळी कोणावर येणार नाही. ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या संकेतस्थळावर शेती अवजारांच्या सदरात चेनसॉ बनवणाऱ्या कंपन्यांची सुट्या भागांची यादी आणि किमती मराठीत द्यायला लावाव्यात. आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमधल्या ज्या दुरुस्तीवाल्यांना वर दिलेला पावतीचा मजकूर उपयोगी वाटेल, त्यांनी तो आपल्या पुस्तकात तसाच छापून घ्यावा. येत्या हंगामाची यंत्रे आताच टेबलावर येऊ लागली आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक यंत्र-दुरुस्तीकार
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग